दहावी खेळी



महिन्यापूर्वी संयोजन समितीतून फोन आला. "तू सॉफ्टवेअरमधली. वीस मिनिटं एआयवर बोल. आपल्या नोकऱ्या राहणार की जाणार, तेवढं सांग." मी हो म्हटलं. नंतर विचार केला, की इथं निम्मे जण बँकेत, शेतात, दवाखान्यात आणि शाळेत आहेत. तीस वर्षांनी भेटतोय आणि मी यांना मशीनच्या गोष्टी सांगत बसू? तेव्हा समितीची आधीच माफी मागते. मी बुद्धिबळाच्या एका डावावर बोलणार आहे. एकोणतीस खेळ्यांचा डाव आहे. काळी मोहरी जिंकली. ज्यांना बुद्धिबळातलं काही कळत नाही त्यांनी घाबरू नये, घोडा अडीच घरं जातो एवढं माहीत असलं तरी पुरे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत आपल्या गणिताच्या सरांचा बुद्धिबळाचा वर्ग असायचा. इथल्या दहा-बारा जणांना तो आठवत असेल. बाकीच्यांना खोलीबाहेर पडलेल्या आमच्या सायकली आठवत असतील, कारण त्यांची हवा तुम्हीच सोडायचात. सांगलीत बुद्धिबळ शिकवणारा माणूस ही काही नवलाची गोष्ट नव्हती. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर ही नावं आपल्या गावात घरोघरी माहीत होती. स्वाती घाटे आपल्या गावातून पुढे जाऊन महिला ग्रँडमास्टर झाल्या. आपले सर त्या मानाने साधे खेळाडू. ते स्वतःच म्हणायचे, "मला खेळता फार येत नाही, पण दुसऱ्याचा चांगला डाव ओळखता येतो." सर आज आपल्यात नाहीत. काकू पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून मला थोडं सांभाळून बोलावं लागणार आहे.

१९९५ चा जून. आपण नुकतेच दहावीत आलो होतो. पहिल्याच शनिवारी सर खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणाले, "हा डाव तीन आठवडे पुरवायचा आहे." त्यांच्या बँकेतल्या एका मित्राकडे परदेशी बुद्धिबळ मासिक यायचं, तेही दोन-चार महिने उशिरा. त्यातून सरांनी हा डाव हातानं उतरवून आणला होता. वर लिहिलं होतं: ब्युनोस आयर्स, ऑक्टोबर १९९४. पांढरी मोहरी अलेक्सी शिरॉव्ह, काळी मोहरी ज्युडिट पोल्गर.

त्या स्पर्धेविषयी सरांनी सांगितलं ते माझ्या मनात घर करून राहिलं. लेव्ह पोलुगायेव्हस्की नावाचे रशियन ग्रँडमास्टर होते. सिसिलियन बचावातल्या एकाच प्रकारामागे हा माणूस वर्षानुवर्षं लागला होता. घरी पटासमोर बसून एकेक खेळी तपासायची, चूक सापडली की दुरुस्ती शोधायची आणि पुन्हा तोच प्रकार घेऊन स्पर्धेत उतरायचं, असा त्यांचा क्रम. तो प्रकार आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. १९९४ मध्ये त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून त्यांच्या सन्मानार्थ अर्जेंटिनात स्पर्धा ठेवली. आठ खेळाडू, प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. अट एकच, प्रत्येक डाव सिसिलियनच झाला पाहिजे. कारपॉव्ह, इव्हान्चुक, काम्स्की, आपला आनंद, सगळे ती अट मान्य करून खेळले. पहिला आला सालोव्ह. आपल्याकडे साठी झाली की शाल आणि श्रीफळ देतात. तिथं त्या माणसानं आयुष्यभर ज्यावर विचार केला तेच जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनी पटावर मांडून दाखवलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलुगायेव्हस्की गेले. मला या सत्काराचा नेहमी हेवा वाटत आलाय.

आता सिसिलियन म्हणजे काय, ते थोडक्यात. पांढरा पहिली खेळी करतो, म्हणजे त्याला एका पावलाची आघाडी असते. तो राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतो, ई४. काळ्यानं समोर आपलंही तसंच प्यादं आणून उभं करायचं, ही झाली सरळमार्गी माणसाची रीत. सिसिलियनमध्ये काळा तसं करत नाही. तो बाजूचं प्यादं पुढे घेतो, सी५. आरशातल्यासारखा खेळ तिथंच संपतो. पांढऱ्याला आपल्या बाजूनं हल्ला चढवायला मोकळीक मिळते, काळ्याला त्याच्या बाजूनं. दोघांनाही धोका असतो. सर म्हणायचे, "बरोबरी हवी असेल तर दुसरं काही तरी खेळा. ज्याला काळी मोहरी घेऊन जिंकायचंच आहे, त्यानंच हे खेळावं."

शिरॉव्ह त्या वेळी बावीस वर्षांचा होता. रिगाचा, म्हणजे मिखाईल तालच्या गावचा. पुढे त्याच्या डावांचं पुस्तक निघालं त्याचं नावच 'पटावर आग' अशा अर्थाचं आहे. यावरून स्वभाव कळेल. समोर अठरा वर्षांची पोरगी. शिरॉव्हनं सहाव्याच खेळीला आपल्या राजाच्या बाजूचं जी प्यादं दोन घरं पुढे काढलं. नवव्या खेळीला त्याच्या शेजारचं एफ प्यादंही दोन घरं गेलं. ई४, एफ४, जी४. तीन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी, मागे एफ३ वर वजीर. बुलडोझरच तो. काळ्याची अवस्था बघितली तर राजा मधोमध, उजवीकडचा उंट आणि हत्ती जागचे हललेले नाहीत, आणि एक घोडा ई७ वर स्वतःच्याच उंटाची वाट अडवून बसलेला.

इथं सरांनी पुढच्या खेळ्यांवर पट्टी ठेवली आणि विचारलं, "काळ्याची दहावी खेळी. काय खेळाल?"

दहावी म्हटल्यावर त्या वर्षी आपल्या पोटात नुसता गोळाच यायचा, ते सोडा. एक जण म्हणाला, किल्लेकोट. सर म्हणाले, "मधला उंट कोण उचलणार, तुझा मामा?" दुसऱ्यानं घोडा सुचवला. मी म्हणाले, एच प्यादं एक घर पुढे, म्हणजे त्याचा जोर जरा रोखला जाईल. सरांनी तीन-चार उत्तरं फळ्यावर लिहिली आणि आम्हाला घरी पाठवून दिलं. खेळी सांगितली नाही. आठवडाभर मी तो पट घरी कॉटखाली मांडून ठेवला होता. आई झाडताना रागवायची.

पुढच्या शनिवारी पट्टी उचलली. जी५. पोल्गरनं आपलं जी प्यादं दोन घरं पुढे नेऊन सरळ त्या बुलडोझरच्या तोंडात ठेवलं होतं. त्याला मागून कुणाचाही आधार नाही. घ्या म्हणाली. आणि तेही कुठं, तर जिथं पांढऱ्याचा हल्ला यायचाय, त्याच बाजूला.

आम्ही सगळे गप्प झालो. चूक छापली असेल, असंसुद्धा एकाला वाटलं. मग सरांनी एकेक मोहरं हलवून दाखवलं. पांढऱ्याच्या एफ प्याद्यानं ते प्यादं खाल्लं. म्हणजे ते एफच्या रांगेतून निघून जी रांगेत गेलं, आणि ती एकसंध भिंत मोडली. डी प्यादं तर आधीच पटावरून गेलेलं होतं. आता ई५ या घरावर काळा घोडा येऊन बसला, तर त्याला हाकलायला पांढऱ्याकडे एकही प्यादं उरलं नव्हतं. घोडा लगेच तिथं आला, आल्या आल्या वजिराच्या अंगावर. एका प्याद्याच्या मोबदल्यात पटाच्या मधोमध कायमची पाटीलकी मिळाली.

वजीर मागे जी२ वर गेला. काळ्यानं डावीकडून प्यादं रेटून पांढरा घोडा हुसकावला. मग उजवीकडून आणखी एक प्यादं पुढे केलं, तेही पांढऱ्यानं खाल्लं. आणि चौदाव्या खेळीला काळ्याचा दुसरा घोडा, तोच वाट अडवून बसलेला, एफ५ वर आला. आता एफ५ वर घोडा आणि ई४ वर पांढरं प्यादं. म्हणजे ते प्यादं घोड्याला सहज खाऊ शकतं. खाल्लं का नाही? कारण प्यादं ई४ वरून हललं की बी७ वरचा काळा उंट थेट जी२ वरच्या वजिरावर. प्यादं जागच्या जागी बांधलेलं. पंधराव्या खेळीला काळा वजीर जी५ वरचं प्यादं खाऊन पांढऱ्या वजिरासमोर जाऊन उभा राहिला. पांढऱ्यानं वजिरानं वजीर मारावा, तर ई५ वरचा घोडा एफ३ वर जाऊन राजाला शह देणार आणि पुढच्याच खेळीत वजीर परत घेणार.

शिरॉव्हनं तो नाद सोडून आपला घोडा ए५ वर नेला आणि काळ्या उंटावर रोख धरला. माझी सगळ्यात आवडती खेळी त्यावर आहे, सोळावी. तो एफ५ वरचा घोडा ई३ वर गेला. काळा वजीर जी५ वर तसाच मोकळा उभा. या वेळी पांढऱ्यानं वजीर मारला असता तर काय झालं असतं, हे सरांनी आम्हाला शोधायला लावलं. उत्तर मला सापडलं, म्हणून ते अजून पाठ आहे. ई५ वरचा घोडा एफ३ वर, आणि मात. शह नव्हे, मात. राजाच्या तीन घरांवर त्याचीच माणसं बसलेली, एका घरावर एक घोडा, दुसऱ्या घरावर दुसरा. वजीर खाऊन तृप्त झालेला राजा आपल्याच घरात, आपल्याच माणसांच्या गर्दीत मेला असता.

शिरॉव्हला ते दिसलं, तो काही दहावी ब नव्हता. त्यानं वजीर जी३ वर नेऊन मारामारी करून घेतली. वजीर गेले. घोड्यानं सी२ वर राजाला शह देत कोपऱ्यातला हत्ती टिपला. तो घोडा तिथंच अडकायचा, पण काळ्यानं बी प्यादं पुढे सारून त्याला बाहेर यायला वाट करून दिली. हिशेब झाला तेव्हा काळ्याकडे दोन हत्ती आणि पांढऱ्याकडे एक, त्याबदली त्याला एक उंट जास्त. एकोणतिसाव्या खेळीला काळा घोडा सी६ वर आला आणि शिरॉव्हनं डाव सोडला.

तीन शनिवार आम्ही या डावात होतो. त्यात सरांनी पोल्गरची माहितीही सांगितली. बुडापेस्टच्या तीन बहिणी, सुसान, सोफिया आणि ज्युडिट. वडिलांनी शाळेत न घालता घरीच शिकवलं. (इथं आमच्यातले दोघे-तिघे एकदम म्हणाले होते, "सर, आमच्या पण वडिलांना सांगा की.") पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली आणि फिशरचा सगळ्यात लहान ग्रँडमास्टरचा विक्रम तिनं मोडला. महिलांच्या जागतिक अजिंक्यपदासाठी ती कधी खेळलीच नाही. खुल्या स्पर्धांत खेळायची. पुढे १९९६ मध्ये ती जगातल्या पहिल्या दहांत गेली आणि २००२ मध्ये जलद डावात तिनं कास्पारॉव्हला हरवलं. पण ते नंतरचं.

सरांनी मग आपल्याकडचं सांगितलं. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळल्या. तसं खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यावरून वाद झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला, की स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. "म्हणजे आता नियमाची अडचण नाही," सर म्हणाले आणि खोलीतल्या आम्हा दोन मुलींकडे बघून पुढच्या डावाकडे वळले.

आता जे सांगायचं म्हणून मी उभी राहिले ते सांगते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरशालेय स्पर्धेसाठी शाळेचा संघ निवडायचा होता. चार जण. सरांनी सगळ्यांचे एकमेकांशी डाव लावले, मुलं-मुली वेगळे केले नाहीत. पहिल्या तीन जागा ठरल्या होत्या. चौथ्या जागेसाठी शेवटचा डाव माझा आणि आपल्या तुकडीतल्या एका मुलाचा. नाव सांगत नाही. तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसलाय आणि आता त्याला कळायला लागलंय. त्याचा माझ्यापेक्षा अर्धा गुण जास्त होता. मी जिंकले तर मी जाणार, बरोबरी झाली तर तो. काळी मोहरी माझ्याकडे.

मी सिसिलियन खेळले. दुसरं काय खेळणार? त्यानं वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला आणि माझ्या राजावर चालून आला. त्याचा वजीर एच६ वर, माझ्या दारात. मी सी रांगेतून हत्ती नेऊन सी३ वरचा घोडा खाल्ला, त्यानं बी प्याद्यानं माझा हत्ती घेतला, मी घोड्यानं ई४ चं प्यादं उचललं. मग माझा वजीर ए३ वर आला आणि त्याच्या सी१ वरच्या राजाला शह बसला. त्या राजाला जायला एकच घर होतं, बी१. तिथं गेला की माझा घोडा सी३ वर प्यादं खाऊन पुन्हा शह देणार. मग राजा कोपऱ्यात, ए१ वर. मग ए२ वर माझा वजीर, आणि मात. मध्ये दुसरी वाटच नव्हती. मला ते दिसत होतं. सोळाव्या खेळीचं उत्तर शोधणाऱ्या मुलीला हे न दिसायला काय झालं होतं?

नियम असा आहे, की बरोबरी मागायची असेल तर आधी आपली खेळी करायची आणि मग विचारायचं. मी वजीर ए३ वर ठेवला, शह म्हणाले, आणि त्याच दमात म्हणाले, "बरोबरी घेतोस का?" शह देऊन बरोबरी मागणारी सांगलीतली पहिली खेळाडू मीच असणार. तो घामाघूम झाला होता. मी वाक्य पुरं करायच्या आत त्यानं हात पुढे केला.

का मागितली? आदल्या दिवशी संध्याकाळी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला समजावलं होतं. ते आपल्या शाळेतले नव्हते, आणि त्यांचा हेतूही वाईट नव्हता. ते म्हणाले, "तुम्हा मुलींच्या स्पर्धा वेगळ्या असतातच की. त्या पोराची जागा कशाला घेतेस? शिवाय तुझी दहावी आहे." मला त्यांचा राग आला नव्हता. पटल्यासारखंच झालं होतं. पटाभोवती सात-आठ मुलं उभी होती, सगळी त्याच्या बाजूची. मी जिंकले तर उद्यापासून यांच्याशी बोलायचं कसं, असंही मनात आलं. हे सगळं खरं असलं तरी दुसऱ्या कुणावर ढकलता येण्यासारखं नाही. ओठ माझेच हलले होते.

सर पलीकडच्या पटाजवळ होते. आले, उभ्या उभ्या मोहऱ्यांकडे बघितलं. तीन सेकंद पुरेसे होते त्यांना. "बरोबरी? बरं," एवढंच म्हणाले आणि वहीत अर्धा-अर्धा लिहिलं. मला बोलावलं नाही, काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटले.

पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा पोल्गरचाच डाव मांडला. सगळे कुरकुरले, झालाय की सर हा. ते काही न बोलता सोळाव्या खेळीपर्यंत आले, घोडा ई३ वर ठेवला आणि म्हणाले, "समजा, इथं या पोरीनं शिरॉव्हला विचारलं असतं, बरोबरी घेता का? तर तो काय म्हणाला असता?" सगळे हसले. कुणी तरी म्हणालं, "नाचला असता सर." सर पण हसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी पायातल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. आजही तो अंगठा मला जसाच्या तसा दिसतो, शिवून घेतलेला, काळ्या दोऱ्याचा.

त्यानंतर मी दोन-तीन शनिवार गेले. मग दहावीचा अभ्यास आहे असं सांगून बंद केलं. अभ्यास होताच, खोटं नव्हतं. पुढे बारावी, वालचंदला इंजिनिअरिंग, मग पुणे. बुद्धिबळाचा पट माळ्यावर गेला.

एक मात्र झालं. ती शह देऊन बरोबरी मागायची सवय माझ्याबरोबर पुण्याला आली. नोकरीत पाच-सहा वर्षं झाल्यावर एका बैठकीत मी एका मोठ्या प्रणालीच्या आराखड्यात चूक दाखवली. पुरावा समोर होता. दोन जणांनी भुवया उंचावल्या आणि मी लगेच म्हणाले, "म्हणजे, कदाचित माझंही चुकत असेल, आहे तसं चालेल." आहे तसं गेलं. नंतर तीन आठवडे आमच्या टीमनं रात्री जागून तीच चूक निस्तरली. त्या रात्रींपैकी एका रात्री, दोनच्या सुमाराला, मला अचानक सरांचा आवाज ऐकू आला. नाचला असता सर. मी हसायला लागले. शेजारचा मुलगा घाबरला, त्याला वाटलं जागरणानं हिचं काही तरी झालं. त्यानंतर मी एकदम शूर वगैरे झाले नाही. पण बैठकीत एक वाक्य बोलून झालं की दुसरं वाक्य गिळायला शिकले. सोपं नाही ते. अजून कधी कधी निसटतं.

सरांना मी हे कधीच सांगितलं नाही. दोनदा सुट्टीत त्यांच्या घरी गेले, काकूंनी भडंग आणि चहा दिला, सरांनी पगार किती, कॉम्प्युटर बुद्धिबळ खेळतो म्हणजे नेमकं करतो काय, असं सगळं विचारलं. मी त्यांना तासभर समजावत बसले. त्या डावाचं बोलायचं म्हणूनच गेले होते आणि न बोलता आले. काकू, म्हणून आज तुमच्यासमोर बोलतेय.

आणखी एक निमित्त झालं. गेल्या वर्षी जुलैत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियात, बाटुमीला, महिलांचा विश्वचषक जिंकली. अंतिम फेरीत कोनेरू हंपीशी. वय एकोणीस, आणि त्या विजयाबरोबर ती ग्रँडमास्टरही झाली. आम्ही घरी टायब्रेक बघत होतो. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला बुद्धिबळात फारसा रस नाही, पण दिव्या रडायला लागली तेव्हा तीही डोळे पुसत होती. त्या भरात मी तिला माझ्या डावाची ही सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं ती विचारेल, तू असं का केलंस. तिनं वेगळंच विचारलं. "त्या काकांना माहीत आहे का, ते हरत होते ते?"

मला उत्तर देता येईना. कारण तो चौथ्या जागेवर स्पर्धेला गेला, पहिले दोन डाव हरला, तिसरा जिंकला, आणि परत येऊन आठ दिवस त्या तिसऱ्या डावाच्या फुशारक्या मारत होता. आपण सगळ्यांनी ऐकल्यात. त्या मुलाशी पुढे माझी चांगली मैत्री राहिली, माझ्या लग्नात पंगतीला वाढायला होता. तीस वर्षांत या एका डावाचा विषय आमच्यात निघाला नाही. त्याला तेव्हा दिसलं होतं का? दिसूनही गप्प राहिला का? की घामाच्या धारांत त्याला खरंच काही दिसलं नाही? मला राग नाही, जागाही परत नको. पण तीस वर्षं मी एकटीच तो डाव बघतेय, आता दोघांनी मिळून बघावा असं वाटतं.

मागे, चहाच्या टेबलाच्या डाव्या बाजूला, खिडकीशी एक पट मांडून ठेवलाय. काकूंनी सरांचा जुना लाकडी संच आणून दिला. त्यातला एक पांढरा उंट हरवलाय, पण आमच्या डावात ते दोन्ही उंट आधीच गेलेले होते, त्यामुळे अडत नाही. मोहरी मी सकाळी येऊन जागच्या जागी ठेवली आहेत. मला प्रत्येक घर आठवत होतं. काळा वजीर ए३ वर आहे. राजाला शह आहे.

मी बरोबरीचा प्रस्ताव मागे घेतेय. ये रे, खांबाआड लपू नकोस. पांढऱ्याची चाल आहे.